मैदान दर सामन्याला भरते, म्हणून क्लबने आसनक्षमता वाढवावी का?

पूर्व_गॅलरी (प्रश्न)

एका फुटबॉल क्लबचा मी अनेक वर्षांचा पाठीराखा आहे. क्लबचे नाव मुद्दाम लिहीत नाही. ते लिहिले की चर्चा मैदानावरून खेळाडूंवर आणि खेळाडूंवरून प्रशिक्षकावर घसरते, असा आजवरचा अनुभव आहे. शिवाय परिस्थिती पुष्कळ क्लबांना लागू पडावी अशीच आहे. घरच्या मैदानावरील जवळजवळ प्रत्येक साखळी सामन्याची तिकिटे संपतात, हंगामी पासाची प्रतीक्षायादी दरवर्षी लांबत जाते, आणि ज्यांच्या हाती पास आहे ती मंडळी तो सोडत नाहीत. आजोबांचा पास नातवाकडे जातो, यादीतल्या पहिल्या माणसाकडे काही जात नाही. क्लबने आता एका बाजूचा स्टँड वाढवून काही हजार आसनांची भर घालण्याचा विचार जाहीर केला असून, त्यासाठी घ्यावे लागणारे कर्ज, बांधकामाच्या काळातील गैरसोय आणि तिकिटांचे संभाव्य दर यांवर पाठीराख्यांची मते मागवली आहेत.

माझा कल वाढीच्या बाजूने आहे. लिव्हरपूलने आपल्या ॲनफिल्ड मैदानावर हेच केले. २०१६ साली मुख्य स्टँड वाढवून त्यांनी क्षमता सुमारे ४५ हजारांवरून ५४ हजारांवर नेली आणि पुढे ॲनफिल्ड रोडच्या बाजूचा स्टँड वाढवून ती ६१ हजारांच्या पलीकडे नेली. मैदान तेच राहिले आणि वाढलेली आसनेही भरतात. पण त्याच वेळी संडरलँडचे 'स्टेडियम ऑफ लाइट' डोळ्यांसमोर येते. १९९७ साली सुमारे ४२ हजार आसनांनी सुरू झालेले ते मैदान २००० साली ४९ हजारांपर्यंत वाढवले गेले, आणि तीनच वर्षांनी संघ अवघ्या १९ गुणांसह प्रीमियर लीगमधून, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीतून, खाली गेला.

तेव्हा विचारायचे आहे ते असे, की तिकिटे संपणे आणि प्रतीक्षायादी लांब असणे हा क्षमता वाढवण्यासाठी पुरेसा आधार आहे का? नसेल, तर हा निर्णय कोणत्या गोष्टी पाहून करावा? भावनेच्या भरात दिलेली उत्तरेही चालतील, फक्त सोबत कारण द्यावे ही विनंती.

जमाखर्च

प्रतीक्षायादीपासूनच सुरुवात करतो, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. यादीत नाव नोंदवायला बहुतेक ठिकाणी काहीच पैसे पडत नाहीत, आणि पडलेच तर किरकोळ. असे फुकटात नाव नोंदवणारा माणूस पासाची खरी किंमत समोर आल्यावर काय करील, हे यादी सांगत नाही. शिवाय त्यातली बरीच नावे संघ वरच्या क्रमांकावर असताना नोंदवलेली असतात आणि संघ घसरला म्हणून कोणी आपले नाव काढून घ्यायला येत नाही. त्यामुळे यादी नेहमी वाढतानाच दिसते. क्लबने यादीतल्या प्रत्येकाकडून परतीच्या बोलीवर थोडी अनामत रक्कम मागावी आणि मग किती नावे उरतात ते पाहावे. तो आकडा मी गंभीरपणे घेईन. चषकाच्या सुरुवातीच्या फेरीत, आठवड्याच्या मधल्या दिवशी, पावसात, खालच्या श्रेणीतल्या संघाशी सामना असताना किती माणसे आली हेही विचारावे. आली म्हणजे प्रत्यक्ष आली. इंग्लंडमध्ये क्लब जी उपस्थिती जाहीर करतात ती सहसा विकल्या गेलेल्या तिकिटांची असते. पास घरी ठेवून दूरचित्रवाणीपुढे बसलेला माणूसही त्यात मोजला जातो.

आता पैशाचा हिशेब. ॲनफिल्डच्या मुख्य स्टँडच्या कामाला सुमारे ११ कोटी पौंड लागले आणि साडेआठ हजारांच्या आसपास आसने वाढली, म्हणजे वाढलेल्या एका आसनामागे साधारण १३ हजार पौंड. समजा, एखाद्या क्लबने असेच पैसे ५ टक्के दराने आणि ३० वर्षांच्या मुदतीने कर्जाऊ घेतले (दर आणि मुदत माझी, केवळ उदाहरणापुरती), तर त्या एका आसनाचा वार्षिक हप्ता ८४५ पौंडांच्या घरात जातो. साखळीचे १९ आणि चषकांचे मिळून हंगामात घरचे २५ सामने धरले, तर एका सामन्यामागे ३४ पौंड. इंग्लंडमध्ये तिकिटावर २० टक्के मूल्यवर्धित कर असतो, तेव्हा क्लबच्या हातात ३४ पौंड पडण्यासाठी प्रेक्षकाकडून सुमारे ४१ पौंड घ्यावे लागतात. यात सफाई, वीज, विमा, मैदानावर गर्दी सांभाळणाऱ्या स्टुअर्डांचा पगार यांतले काहीही धरलेले नाही, आणि ते आसन २५ पैकी २५ सामन्यांना विकले गेले असे गृहीत धरले आहे, जे चषकाच्या सामन्यांत होत नाही.

हा हिशेब क्लबच्या लेखापालांनाही येतो. म्हणूनच वाढीव स्टँडचा आराखडा उघडून पाहिला, तर मधल्या मजल्यावर काचेच्या भिंतींचे कॉर्पोरेट बॉक्स, जेवणाची दालने आणि गाद्यांच्या रुंद खुर्च्या दिसतात. तिथली एक खुर्ची साध्या खुर्चीच्या कितीतरी पट कमाई करते आणि बाकीच्या स्टँडचे कर्ज ओढते. प्रतीक्षायादीतल्या माणसाने हे लक्षात ठेवावे, की ज्या आसनांच्या जोरावर हा प्रकल्प उभा राहतो ती आसने त्याच्यासाठी नसतात. त्याच्या वाट्याला येतात ती वरच्या टोकाची.

आर्सेनलचे उदाहरण याच संदर्भात पाहण्यासारखे आहे. हायबरी या त्यांच्या जुन्या मैदानात ३८ हजार माणसे बसत. २००६ साली क्लब ६० हजारांच्या नव्या मैदानात गेला, त्याला सुमारे ३९ कोटी पौंड लागले, आणि ते फेडण्यासाठी दीर्घ मुदतीचे रोखे काढण्यापासून जुन्या मैदानाच्या जागी सदनिका बांधून विकण्यापर्यंत सगळे करावे लागले. नाव आणि जर्सीचा करार २००४ सालीच करून टाकावा लागला, कारण पैसा तेव्हा हवा होता. पुढे प्रायोजकांचे दर चढले तेव्हा तो करार स्वस्तात गेलेला दिसला. २००५ च्या एफए चषकानंतर २०१४ पर्यंत एकही चषक आला नाही. त्याचे सगळे खापर मैदानावर फोडणे बरोबर नाही, पण त्या वर्षांत चांगले खेळाडू एकामागून एक विकले जात होते आणि ताळेबंद मात्र उत्तम दिसत होता, हेही तितकेच खरे आहे. पाठीराखा ताळेबंद पाहायला येत नाही.

वाढीच्या बाजूने एक गोष्ट मात्र नोंदवतो. प्रीमियर लीगने नफा-तोट्याची जी मर्यादा घालून दिली, तिच्या हिशेबात मैदानाच्या बांधकामाचा खर्च तोट्यातून वगळला जातो. म्हणजे खेळाडूंवर उधळलेला पैसा नियमात अडकतो, मैदानावर घातलेला अडकत नाही. मालक श्रीमंत असेल, तर त्याने पैसा घालावा अशा मोजक्या जागांपैकी ही एक.

जिना_क्रमांक_सात

मी इमारतींच्या संरचनेच्या क्षेत्रात काम करतो, आणि प्रेक्षागारांच्या आराखड्यांवर थोडेफार काम केले आहे. वरच्या दोन्ही लेखनांत 'क्षमता' म्हणजे आसनांची संख्या असे धरलेले दिसते. तसे नसते.

इंग्लंडमध्ये मैदानांच्या सुरक्षिततेसाठी जी मार्गदर्शिका वापरतात, जिला तिच्या मुखपृष्ठाच्या रंगावरून 'ग्रीन गाइड' म्हणतात, तिच्यात प्रत्येक विभागाची क्षमता चार वेगवेगळ्या मार्गांनी मोजायला सांगितली आहे: किती माणसे सामावतात, एका तासात किती आत येऊ शकतात, सामना संपल्यावर आठ मिनिटांत किती बाहेर पडू शकतात, आणि आपत्ती आली तर ठरलेल्या वेळेत किती सुरक्षित जागी पोहोचू शकतात. या चारांतला सर्वांत लहान आकडा ही त्या विभागाची क्षमता. शिवाय बांधकामाची स्थिती आणि व्यवस्थापनाचा दर्जा यांसाठी शून्य ते एक यांमधले दोन गुणांक असतात. व्यवस्थापन ढिले असेल, तर कोरी करकरीत आसनेसुद्धा रिकामी ठेवावी लागतात.

एक छोटा हिशेब करून दाखवतो. पायऱ्यांवरून बाहेर पडणाऱ्या गर्दीचा वेग एक मीटर रुंदीला मिनिटाला ६६ माणसे इतका धरतात, आणि सपाट जागी ८२. म्हणजे १.२ मीटर रुंदीचा एक जिना आठ मिनिटांत सुमारे ६३४ माणसे बाहेर काढतो. तुम्हाला आठ हजार आसने वाढवायची असतील, तर असे १३ जिने हवेत. फिरत्या फाटकातून तासाला जास्तीत जास्त ६६० माणसे आत येतात असे धरायचे असते, म्हणजे फाटकेही १३ हवीत. हे जिने जिथे उतरतात तिथे मोकळी जागा हवी, आणि ती मोकळी जागा रस्त्याला जिथे मिळते तिथे तो रस्ता माणसे वाहून नेईल असा हवा. संपूर्ण सामन्यात जिन्याकडे कोणाचे लक्ष नसते. शेवटची शिटी वाजली की पुढच्या आठ मिनिटांत त्याचेच राज्य असते. हे नियम कशासाठी आहेत तेही विसरून चालणार नाही. १५ एप्रिल १९८९ रोजी हिल्सबरोच्या मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीत ९७ जणांनी जीव गमावला. ते अखेरचे सत्त्याण्णवावे नाव तर २०२१ साली यादीत आले.

दुसरा अडथळा दृष्टिरेषेचा. तुमच्या पुढे बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून तुमची नजर किती उंचीवरून जाते, त्याला आमच्या कामात सी-मूल्य म्हणतात. फुटबॉलसाठी ते ९० मिलिमीटर मिळाले तर ठीक, १२० मिळाले तर उत्तम. आता गंमत अशी, की स्टँड जितका वर आणि मागे जातो तितकी हेच ९० मिलिमीटर मिळवण्यासाठी प्रत्येक पायरी अधिक उंच करावी लागते. पायरीची खोली ८० सेंटिमीटर धरू. टचलाइनपासून (मैदानाच्या कडेच्या रेषेपासून) ३० मीटरवर आणि १२ मीटर उंचीवर डोळे असतील, तर पुढची पायरी ४१ सेंटिमीटर वर घ्यावी लागते. तेच ५० मीटरवर आणि २८ मीटर उंचीवर पोहोचलात, की ५४ सेंटिमीटर. त्या ठिकाणी स्टँडचा उतार ३४ अंशांवर जातो, आणि ३४ अंशांच्या वर सहसा जाऊ देत नाहीत, कारण तिथे उभे राहिल्यावर माणसाला पुढे पडल्यासारखे वाटते. म्हणजे 'अजून दहा ओळी वर चढवू' असे सभेत म्हणता येते, कागदावर त्या बसतीलच असे नाही.

तिसरी गोष्ट शेजाऱ्यांची. न्यूकॅसलच्या सेंट जेम्स पार्कची पूर्व बाजू आजही उरलेल्या मैदानाच्या मानाने बुटकी आहे, कारण तिच्या पाठीशी लीझेस टेरेस ही एकोणिसाव्या शतकातली, पहिल्या श्रेणीचे संरक्षण लाभलेली घरांची ओळ उभी आहे. चेल्सीच्या स्टॅमफर्ड ब्रिजला रेल्वेमार्गांनी अडवले आहे. तिथल्या ६० हजारांच्या आराखड्याला जानेवारी २०१७ मध्ये स्थानिक प्रशासनाची मंजुरी मिळाली, शेजारच्या एका घराच्या उजेडाच्या हक्काचा वाद झाला, आणि मे २०१८ मध्ये क्लबने संपूर्ण योजनाच बाजूला ठेवली.

तुमच्या क्लबचा आराखडा जाहीर झाला असेल, तर आसनांचा आकडा बाजूला ठेवून जिन्यांची रुंदी आणि जवळच्या स्थानकापर्यंतची वाट तेवढी तपासा. त्यावरून क्लबने किती विचार केला आहे ते कळते.

उभा_प्रेक्षक

'जमाखर्च' यांचा हिशेब मला मान्य आहे, पण त्यातून निघणारा सूर मान्य नाही. मैदान लहान ठेवणे हा काही तटस्थ निर्णय नसतो. आसने कमी आणि मागणी जास्त असली, की तिकिटाचा दर चढतो, पास जुन्या माणसांकडेच राहतो, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला मैदानात पाऊल टाकायची संधी वर्षातून एखाद्या रटाळ सामन्यापुरती मिळते. असा मुलगा क्लबचा पाठीराखा होतो तो पडद्यावर पाहून. आणखी वीस वर्षांनी हाच क्लब 'आमच्याकडे आवाज होत नाही' म्हणून तक्रार करील, तेव्हा हा हिशेब कोणत्या रकान्यात मांडणार?

जर्मनीतल्या डॉर्टमुंडकडे पाहा. तिथे दक्षिणेकडच्या एका तटावर, म्हणजे उभ्या गॅलरीत, २४ हजारांहून अधिक माणसे उभी राहून सामना पाहतात आणि देशांतर्गत सामन्यांना मैदानाची क्षमता ८१ हजारांच्या पुढे जाते. क्लब २००५ च्या सुमारास दिवाळखोरीच्या तोंडाशी होता आणि मैदान विकून पुन्हा विकत घेण्याचा खेळही त्याने केला, हे मला ठाऊक आहे. कोणी ते सांगायच्या आधी मीच सांगतो. पण त्या संकटातही त्यांनी तो उभा तट मोडून तिथे महागड्या खुर्च्या बसवल्या नाहीत. आज जगभरातून माणसे डॉर्टमुंडला जातात ती संघापेक्षा त्या तटासाठी जातात, आणि ज्या खोल्यांत प्रायोजकांशी करार होतात तिथे भिंतीवर चित्र त्या तटाचेच असते, असे मी खात्रीने म्हणू शकतो, जरी त्या खोल्यांत मला कोणी बोलावलेले नाही.

इंग्लंडमध्ये जानेवारी २०२२ पासून पाच क्लबांना कठड्याच्या आसनांपाशी (पुढे धरायला कठडा असलेल्या आसनांपाशी) प्रेक्षकांना उभे राहू देण्याची परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी पुढच्या हंगामापासून ती इतरांनाही खुली झाली. मात्र तिथे एका आसनाला एकच माणूस असा नियम असल्याने क्षमता वाढत नाही. हा नियम सैल करता येईल का, याची चर्चा नवा स्टँड बांधण्याआधी व्हायला हवी, असे मला वाटते. 'जिना' यांनी जिन्यांचा हिशेब दिला आहेच; जास्त माणसे म्हणजे जास्त जिने, हे मलाही मान्य आहे.

मात्र क्षमता वाढवण्यासाठी दुसऱ्याच मैदानात जाण्याचा कोणी प्रस्ताव आणला, तर मी विरोधात उभा राहीन. वेस्ट हॅम २०१६ साली सुमारे ३५ हजारांच्या अप्टन पार्कमधून ऑलिंपिकसाठी बांधलेल्या मैदानात गेला. आज तिथे साडेबासष्ट हजार माणसे बसू शकतात आणि आसने भरतातही, पण गोल आणि पहिली ओळ यांमध्ये ॲथलेटिक्सच्या धावपट्टीएवढे अंतर आहे, आणि २०१८ च्या मार्चमध्ये बर्नलीविरुद्धच्या सामन्यात पाठीराखे मैदानात उतरेपर्यंत असंतोष गेला होता. धावपट्टी असलेल्या दुसऱ्या एका मैदानात गोलमागे बसून मी एकदा सामना पाहिला आहे. आमच्या संघाने पलीकडच्या टोकाला गोल केला, तो मला दिसला नाही. समोरच्या गॅलरीतले हात वर गेले तेव्हा कळले, आणि आमच्या बाजूचा जल्लोष दोन क्षण उशिरा सुरू झाला. युव्हेंटसने याच कारणासाठी उलटी वाट धरली. १९९० च्या विश्वचषकासाठी बांधलेले, सुमारे ६९ हजारांचे आणि धावपट्टी असलेले डेल्ले आल्पी पाडून त्याच जागी २०११ साली ४१ हजारांचे स्वतःचे मैदान उभे केले. इटलीत सर्वाधिक पाठीराखे असलेल्या क्लबने आपली क्षमता जवळपास २८ हजारांनी घटवली, आणि त्याचा पश्चात्ताप झालेला दिसत नाही.

पूर्व_गॅलरी (प्रश्नकर्ता)

तिघांचेही आभार. जिन्यांच्या बाबतीत मी कधी विचारच केला नव्हता; आराखडा पुन्हा उघडून पाहिला, तेव्हा त्यात खुर्च्यांचे रंगही दाखवलेले आढळले, पण जिन्यांची रुंदी कुठेच लिहिलेली नाही.

'जमाखर्च' यांना एक शंका विचारतो. संघ खाली गेला की मैदान रिकामे पडते, असे आपण गृहीत धरून चालतो आहोत. न्यूकॅसल २०१६ साली दुसऱ्या श्रेणीत गेला आणि त्या पुढच्या संपूर्ण हंगामात त्याची सरासरी उपस्थिती ५१ हजारांच्या पुढे राहिली. म्हणजे प्रीमियर लीगमधल्या बहुतेक क्लबांपेक्षा जास्त. मग वाईट वर्षाची एवढी भीती बाळगण्याचे कारण काय?

जमाखर्च

न्यूकॅसलचा आकडा बरोबर आहे, आणि त्यापुरते माझे म्हणणे मी मागे घेतो. पण त्या हंगामात संघ जिंकत होता, पहिल्या क्रमांकाने परत वर आला, आणि लोकांना तो परत येणार हे सप्टेंबरपासूनच दिसत होते. एका वर्षाची घसरण ही खरी परीक्षा धरता येत नाही. वीसेक किलोमीटरवरचा संडरलँड लागोपाठ दोनदा घसरून २०१८ साली तिसऱ्या श्रेणीत पोहोचला. तिथेही माणसे आली. २०१८ च्या डिसेंबरात ब्रॅडफर्डविरुद्ध ४६ हजारांवर माणसे जमून, त्या श्रेणीला 'लीग वन' हे नाव मिळाल्यापासूनचा विक्रम झाला, आणि हंगामाची सरासरी ३० हजारांच्या वर राहिली. तिसऱ्या श्रेणीसाठी हे अचाट आहे. पण ४९ हजारांच्या मैदानात याचाच अर्थ असा, की एरवीच्या सामन्याला सतरा-अठरा हजार आसने उघडी. त्या मैदानातल्या लाल खुर्च्या वर्षानुवर्षे ऊन खाऊन गुलाबी झाल्या होत्या. २०१८ च्या उन्हाळ्यात त्या बदलायचे ठरले, तेव्हा पाठीराखे स्वतः नट खोलायचे पाने आणि हातमोजे घेऊन आले आणि त्यांनी ओळीच्या ओळी काढून नव्या खुर्च्या बसवायला हात लावला. मला ते दृश्य हृद्य वाटले, आणि लेखापाल म्हणून अस्वस्थही करून गेले. रिकामी खुर्चीसुद्धा जुनी होते, आणि ती बदलायचा खर्च भरलेल्या खुर्चीइतकाच असतो.

याहून वाईट उदाहरण डार्लिंग्टनचे. जेमतेम काही हजारांच्या गर्दीचा हा चौथ्या श्रेणीतला क्लब २००३ साली अध्यक्षाच्या हट्टापायी २५ हजार आसनांच्या नव्या मैदानात गेला. पहिल्या सामन्याला साडेअकरा हजारांवर माणसे आली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात क्लबचा कारभार प्रशासकाच्या हाती गेला आणि २०१२ साली क्लबने ते मैदान सोडले. तिथे मागणी मोजण्यात चूक झाली असे म्हणणेसुद्धा सौम्य ठरेल, मोजलीच नव्हती.

आणि वाईट वर्ष संघामुळेच येते असेही नाही. टॉटनहॅमचे ६२ हजारांहून मोठे नवे मैदान एप्रिल २०१९ मध्ये उघडले, त्याचा खर्च एक अब्ज पौंडांच्या आसपास गेला होता, आणि वर्षही पुरे व्हायच्या आत महासाथीने सगळी मैदाने बंद केली. ते तगले, कारण कर्ज लांब मुदतीचे आणि ठरावीक व्याजाचे होते, आणि पुढे अमेरिकन फुटबॉलपासून संगीताच्या मैफलींपर्यंत सगळ्याची कमाई आली. मध्यम आकाराच्या क्लबाला ही सोय नसते. त्याउलट बोर्नमथ ११ हजारांच्या मैदानात खेळून प्रीमियर लीगमध्ये वर्षानुवर्षे टिकला, कारण तिथे प्रक्षेपण हक्कांचे पैसे तिकिटांच्या पैशापेक्षा खूप मोठे असतात. 'क्षमता वाढवली नाही तर मागे पडू' हे वाक्य म्हणूनच मी सावधपणे ऐकतो.

मला पटणारी वाट ब्रायटनची. त्यांनी २०११ साली २२ हजारांच्या थोड्या वरच्या आसनांनी मैदान सुरू केले, माणसे खरोखर येतात हे पाहिले, आणि दोन वर्षांत ते ३० हजारांच्या पुढे नेले. तेव्हा संघ दुसऱ्या श्रेणीत होता. प्रीमियर लीगमध्ये तो २०१७ साली पोहोचला. सामन्याच्या तिकिटातच ठरावीक परिसरातला रेल्वे-बसचा प्रवास समाविष्ट केला, हे 'जिना' यांना विशेष आवडेल.

जिना_क्रमांक_सात

आवडले. स्थानक मैदानाला लागूनच असल्यामुळे ते शक्य झाले, हेही जोडतो.

टप्प्याटप्प्याने वाढवण्याबद्दल एक व्यावहारिक सूचना. 'पुढे गरज पडली तर वरचा मजला चढवू' असे आश्वासन प्रत्येक क्लब देतो. ते खरे आहे की नाही, हे पायावरून आणि छतावरून ओळखता येते. वरच्या मजल्याचा भार आजच धरून पाया आणि खांब घातले असतील, तर पहिल्या टप्प्याचा खर्च थोडा वाढलेला दिसेल. तो वाढलेला दिसत नसेल, तर दुसरा टप्पा म्हणजे पाडून पुन्हा बांधणे. छताचेही तसेच. ॲनफिल्डचा मुख्य स्टँड वाढवताना नवा सांगाडा आणि छताची प्रचंड तुळई जुन्या स्टँडच्या मागे व वर उभारली गेली, आणि २०१५-१६ चा हंगाम त्याखाली जुन्याच आसनांवर खेळला गेला. जुने छत हंगाम संपल्यावर काढले. मागे जागा होती म्हणून ते जमले, आणि ती जागा मिळवण्यासाठी आजूबाजूची घरे हटवायला बरीच वर्षे गेली होती. जागा नसेल, तर एक हंगाम तो स्टँड बंद, आणि तिथल्या पासधारकांना कुठे बसवायचे हा प्रश्न उरतो. ॲनफिल्ड रोडच्या कामात तर ऑगस्ट २०२३ मध्ये मुख्य कंत्राटदारच आर्थिक संकटात बुडाला आणि वरचा मजला हंगामाच्या सुरुवातीला उघडता आला नाही. वेळापत्रकात अशा अडचणीसाठी काही महिने सोडले आहेत का, तेही विचारा.

पूर्व_गॅलरी (प्रश्नकर्ता)

पाठीराख्यांच्या सभेत मला तीन मिनिटे मिळणार आहेत. जिन्यांची रुंदी, दुसऱ्या टप्प्याचा भार पायात धरला आहे का, बांधकामाच्या हंगामात त्या स्टँडचे पासधारक कुठे बसणार, आणि वाढलेल्या आसनांपैकी किती आसने साध्या दराने यादीतल्या लोकांना मिळणार, एवढे चार प्रश्न लिहून काढले आहेत. 'उभा_प्रेक्षक' यांचा कठड्याच्या आसनांचा मुद्दा वेळ उरला तर घेईन. तो मांडायला ते स्वतः आले असते तर बरे झाले असते. अनामत रकमेची सूचना मात्र लेखी देणार आहे, कारण यादीत माझ्या पुढे कोण कोण खरेच पैसे भरायला तयार आहे, हे जाणून घेण्यात माझाही थोडा स्वार्थ आहे.